बाबांच्या कॉम्प्युटरला स्पीकर्स हवेत, तंबोरा नीट ऐकू यायला हवा (बजेट १२ हजार)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. बाबांच्या कॉम्प्युटरसाठी स्पीकर्स घ्यायचेत आणि दोन आठवडे रिव्ह्यू वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय.

बाबा ७४ वर्षांचे, साताऱ्याला एकटेच असतात. सकाळचा चहा झाला की कॉम्प्युटर लावून दीड-दोन तास गाणं ऐकायचं हा नेम. ख्याल जास्त, मग नाट्यगीतं, कधी कीर्तन. मित्रांनी पेनड्राइव्हवर भरून दिलेल्या जुन्या खासगी मैफली आहेत, यूट्यूब आहे, सीडीवरून उतरवून घेतलेलं आहे. सध्याचा सेट १२-१३ वर्षं जुना, टेबलाखाली डबा आणि वर दोन चिमुकले स्पीकर असतात ना तो. त्यातून सतत हूंऽऽ असा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी. गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा बाबा म्हणाले, "अगं तंबोऱ्याचा सूर कुठला आणि विजेचा कुठला तेच कळेनासं झालंय." हे ते तक्रार म्हणून म्हणालेच नाहीत, सहज बोलले, आणि मला इतकं वाईट वाटलं की तिथंच ठरवलं, दिवाळीच्या आधी ह्यांना चांगले स्पीकर आणायचेच.

खोली १० बाय १२. टेबल भिंतीला चिकटलेलं, दोन फूट खोल. शेजारी लोखंडी कपाट. डेस्कटॉप आहे, मागच्या हिरव्या भोकात वायर जाते. बजेट १०-१२ हजार. इथला दुकानदार ५.१ होम थिएटर घ्या म्हणतोय, खोक्यावर ५००० वॅट लिहिलंय. भाऊ म्हणतो साउंडबार घे आणि मोकळी हो. मला वॅटमधलं काहीही कळत नाही. काय घेऊ?

पावशेर
चांगला २.१ (दोन स्पीकर आणि एक सबवूफर) घ्या, प्रश्न मिटला. सबवूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा तो वेगळा डबा, नसेल तर तबल्याचा डग्गा कळतच नाही, नुसती टिमकी वाजल्यासारखी वाटते.

सोल्डरगन
रानजाई, आधी वॅटचं बघू. खोक्यावरचा ५००० हा आकडा पीएमपीओचा असतो. त्याची मोजायची ठरलेली पद्धतच नाही, क्षणभराचा कल्पनेतला कमाल आकडा धरून छापतात. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, आणि तो सहसा खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात सापडतो. ५००० पीएमपीओवाल्याचा आरएमएस चाळीस-पन्नास निघाला तर नवल वाटून घेऊ नका. आणि बाबांना तेवढे वॅट लागणारही नाहीत. साधारण बुकशेल्फ स्पीकरला (पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या) १ वॅट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. बाबा बसणार अडीच-तीन फुटांवर, म्हणजे ख्याल ऐकताना एक वॅटसुद्धा पुरून उरेल. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे वॅटच्या नादाला लागू नका.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. ती हूं स्पीकरचीच आहे हे कशावरून? नवे १२ हजाराचे आणले आणि त्यातूनही हूं आली तर? आधी एवढं करून बघा:
बाबांना फोन करा, सेट चालू ठेवून कॉम्प्युटरमागची हिरव्या भोकातली पिन काढायला सांगा, मोकळी पिन कशाला टेकू द्यायची नाही. हूं तशीच राहिली तर सेटचा पॉवर सप्लाय गेलाय, बहुतेक फिल्टरचे कपॅसिटर सुकले असतील, १२-१३ वर्षांत सुकतातच. हूं गेली तर स्पीकर ठणठणीत आहे, दोष बहुतेक अर्थिंगचा आहे. आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला उघडा हात लावला की मुंग्या येतात का, तेही विचारा.

रानजाई
मुंग्या येतात!! मी स्वतः अनुभवलंय, मागे पेनड्राइव्ह लावताना. बाबा म्हणाले होते तो पहिल्यापासून तसाच आहे, चपला घालून हात लाव. ह्याचा स्पीकरशी संबंध आहे??

सोल्डरगन
अगदी थेट. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जाणारे छोटे कपॅसिटर असतात, विजेतला बारीकसारीक कचरा तिथून जमिनीत जावा म्हणून. भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थची वायरच नसेल किंवा सुटलेली असेल तर तो कचरा जाणार कुठं? मग पत्र्याच्या डब्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण तेच ऑडिओच्या वायरच्या जाळीतून स्पीकरमध्ये शिरतं आणि ५० हर्ट्झची नि तिच्या पटीतली गुणगुण ऐकू येते. इलेक्ट्रिशियन बोलवा, फक्त त्या बोर्डाचं अर्थिंग तपासा म्हणावं. स्पीकरपेक्षा हे आधी, ७४ वर्षांचा माणूस एकटा राहतोय त्या घरात.

आणि एक कळकळीची विनंती. हूं घालवायला कुणी प्लगची जाड पिन काढून टाका म्हणेल. हूं जातेही कधीकधी. पण ते अजिबात करू नका.

उंबरठा
+१ शेवटच्या ओळीला. आमच्या जुन्या वाड्यात सगळ्या थ्री-पिन सॉकेटना तिसरं भोक होतं आणि एकाच्याही मागे वायर नव्हती. फ्रिज, मिक्सर, कॉम्प्युटर सगळं तसंच चालू होतं कित्येक वर्षं.

लॅमिंग्टनकर
मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ह्याच धंद्यात वीस वर्षं काढलीत म्हणून लिहितो. कॉम्प्युटरवर बसून एकटा माणूस गाणं ऐकणार असेल तर ५.१ मधले मागचे दोन आणि मधला असे तीन स्पीकर फुकट जातात, कारण गाणं असतं दोन चॅनलचं. तेवढ्याच पैशात सहा हलके स्पीकर घेण्यापेक्षा दोन भारी घ्यावेत. साउंडबार टीव्हीखाली छान, टेबलावर डावं-उजवं फार जवळ येतं.

तुम्हाला हवेत ॲक्टिव्ह बुकशेल्फ. म्हणजे ॲम्प्लिफायर एका स्पीकरच्या पोटातच असतो, वेगळा डबा नको. एडिफायरचा आर१२८०टी बघा: खालच्या आवाजाला ४ इंची वूफर, वरच्या आवाजाला रेशमी घुमटाचा ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, बाजूला बास-ट्रेबलची बटणं. ब्लूटूथ आणि ऑप्टिकल हवं असेल तर आर१२८०डीबी. त्यांचाच एमआर४ हा स्टुडिओ मॉनिटर धाटणीचा, जास्त सरळ आवाज, पुढेच हेडफोनचं भोक. अगदीच कमी जागा आणि कमी पैसे असतील तर क्रिएटिव्हचे पेबल यूएसबीवर चालतात, बोलणं-बातम्यांना झकास, पण २ इंची आहेत, ख्यालाला पुरे पडणार नाहीत.

भाव रोज बदलतो म्हणून लिहीत नाही. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत चक्कर मारा, पण कान लावल्याशिवाय घेऊ नका. दुकानात गेलात की स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. दुकानदार लावतो ते गाणं त्या स्पीकरवर चांगलं वाजणारंच असतं.

कोकमसरबत
मालवणहून लिहितोय, घाटावरच्यांना हा त्रास नसेल पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. घेताना वूफरच्या कडेची गोल पट्टी बघा, फोमची की रबराची. आमच्याकडच्या दमट हवेत फोम दहा-बारा वर्षांत कुजतो. बोट लावलं की शिळ्या केकसारखा भुगा हातात येतो. माझ्या मोठ्या स्पीकरचं हेच झालं. आवाज फाटायला लागला म्हणून जाळी काढून बघतो तर कडा गायब, नुसता कोन लोंबतोय. कुडाळात एक जण नवी कडा चिकटवून देतो, दोन्हीचं काम होऊन दोन दिवसात परत मिळाले, आता पुन्हा खणखणीत आहेत. म्हणजे फोम गेला म्हणून स्पीकर टाकून देऊ नका.
आणि मागच्या भोकाला (पोर्टला) बारीक जाळी लावा. पालीला ती जागा फार आवडते.

जर्सीकर
अवांतर होईल, पण कुणाचं तरी नुकसान वाचेल. मी इथून, अमेरिकेतून, भावासाठी पॉवर्ड स्पीकरची जोडी बॅगेतून नेली होती. नाशिकला पोचल्यावर पिनला ॲडॉप्टर लावून सरळ बोर्डात खुपसली. पाच सेकंद वाजले, मग जळका वास आणि धूर. इथं १२० व्होल्ट, तिकडं २३०. लॅपटॉपचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून सगळंच चालतं असं मी धरून चाललो होतो. मागच्या पाटीवर १००-२४० असं छापलेलं असेल तरच न्या, नुसतं १२० असेल तर नेऊ नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण तो जड ठोकळा सांभाळत बसावं लागतं.

दुपारची_झोप
जुने दिवस आठवले! सीआरटी (काचेच्या नळीचा जाडजूड) मॉनिटर होता तेव्हा स्पीकर शेजारी ठेवला की पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग यायचा. मी डाग पुसायला ओलं फडकं घेतलं होतं. मग कळलं की स्पीकरमधल्या लोहचुंबकानं होतंय, कॉम्प्युटरसाठीच्या स्पीकरला म्हणून शील्ड असायचं. मॉनिटरमध्ये डीगॉस बटण होतं, ते दाबलं की धम्म आवाज होऊन सगळा पडदा थरथरायचा आणि डाग जायचा. माझा भाऊ आणि मी उगाचच दाबायचो.

उंबरठा
ते डीगॉस!! आमच्याकडे भांडणं व्हायची कोण दाबणार म्हणून. आणि साउंड कार्ड सोसासोसानं घेतलेलं, साउंड ब्लास्टर १६. त्याआधी कॉम्प्युटर फक्त टिटिट् करायचा, गाणं म्हणतो हे बघून आज्जी खुर्ची ओढून बसली होती शेजारी.

मिरजेचा_तंबोरा
धाग्याचं शीर्षक बघून आलो. घरात तीन पिढ्या गाण्यातल्या आहेत आणि तंबोरे लावण्यात बालपण गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

स्पीकर तपासायला तंबोऱ्यासारखी गोष्ट नाही. पुरुष गवई काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीत) गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झला येतो, जोडीच्या दोन तारा तिथं. खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. आता २ इंची स्पीकर ६९ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, त्याची झेप शंभरच्या वरच. तरीही तुम्हाला खर्ज ऐकू येतो, का? कारण जवारीमुळे (तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याच्या बारीक उतारामुळे) खर्जाच्या तारेतून १३८, २०७, २७६ असे वरचे स्वयंभू सूर इतके भरभरून निघतात की कान त्यांच्यावरून खालचा षड्ज स्वतःच उभा करतो. म्हणून छोट्या स्पीकरवरही तंबोरा ओळखू येतो, पण तो कागदावर काढल्यासारखा येतो, खोलीत भरत नाही. ४ इंची वूफर ७०-७५पर्यंत खाली उतरतो, तिथं खर्जाला बूड मिळतं.

पण खरी परीक्षा वरच्या अंगाची. घोडीवर दोरा सरकवून जवारी उघडली की तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो. कुणी गंधाराची तार लावलेली नसते, खर्जाचा तो पाचवा स्वयंभू सूर. मिरजेतले सतारमेकर ह्या एका गोष्टीसाठी तासतास घोडीला कानस लावत बसतात. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते ह्याच हातांचं आहे.) दुकानात नुसता तंबोरा दोन मिनिटं लावा, तबला नको, गाणं नको, आणि डोळे मिटून गंधार शोधा. चांगल्या स्पीकरवर तो स्वतःहून तुमच्याकडे येतो आणि चार तारा एकीत एक विरघळतात. वाईट स्पीकरवर तारा टणटण सुट्या पडतात किंवा वर नुसती सळसळ राहते. ही परीक्षा बाबांनाच करू द्या, ते एका मिनिटात सांगतील.

सोल्डरगन
वा! हा प्रतिसाद जपून ठेवतोय. इतकी वर्षं साइन वेव्ह लावून स्पीकर तपासतोय, आता तंबोरा.

पावशेर
सगळं मान्य, पण ६९ हर्ट्झ हवाच ना? मग सब का नको? सगळे सबच्या मागे का लागलेत?

मिरजेचा_तंबोरा
पावशेर, सबशी वैर नाही. पण स्वस्त २.१ मध्ये वरचे स्पीकर इतके लहान असतात की त्यांना दीडशे-दोनशेच्या खालचं काही झेपत नाही, मग ते सगळं टेबलाखालच्या डब्याकडे ढकलतात. आता गवयाचा मध्य षड्जच १३८ला. म्हणजे षड्ज टेबलाखालून आणि तार सप्तक टेबलावरून, एकाच गळ्याचे दोन तुकडे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, सब आणि वरच्या स्पीकरची वाटणी तिथं कापली तर सब उत्तम. २०० ला कापलं तर गवई गुडघ्यापाशी बसल्यासारखा वाटतो.

पावशेर
हे पटलं. माझा सब वेगळा घेतलेला आहे, ८० लाच कापलाय, त्यामुळे मला हा त्रास कधी जाणवलाच नाही. मी माझ्यावरून सांगत होतो. तरी डग्ग्याचं मत बदलत नाही, मींड घेतलेला डग्गा सबवर ऐकला की पोटात काहीतरी हलतं. बजेट वाढलं की जोडा पुढेमागे.

कर्णोपकर्णी
ऑडिओलॉजिस्ट आहे, थोडं वेगळं लिहिते. रानजाई, बाबांची श्रवणचाचणी शेवटची कधी झाली? वयाबरोबर ऐकणं वरच्या पट्टीपासून कमी होत जातं, दोन्ही कानांत, आणि इतकं हळू की त्या माणसाला पत्ता लागत नाही. आधी स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात. "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" असं म्हणतात ते हेच. मग ते आवाज वाढवतात, त्यानं खालचं अजून मोठं होतं आणि शब्द तसेच अडकलेले. अशा कानाला जास्त बास म्हणजे उलट त्रास. प्युअर टोन ऑडिओमेट्री अर्ध्या तासात होते, दुखत-खुपत नाही. स्पीकर निवडायला पण तिचा उपयोग होतो, कुठली पट्टी किती उचलायची ते आलेखावर दिसतं.

मोठ्या आवाजाची भीती घालत नाही, पण डब्ल्यूएचओचा अंदाज असा की मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. तीन फुटांवर बसून दोन तास ख्याल ऐकणारे बाबा त्याच्या बरेच आत आहेत. हेडफोनपेक्षा स्पीकरच बरे त्यांच्यासाठी, दाराची बेल आणि फोन ऐकू येतो, एकटे असतात ना.

रानजाई
ताई, हे मी विचारच केला नव्हता. गेल्या वर्षभरात "काय म्हणालीस?" वाढलंय खरं. चाचणीचं बघते.

झिलई
एक प्रश्न इथंच विचारते, वेगळा धागा नको. माझा मुलगा ॲपवर तंबोरा आणि लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) लावून तबल्याचा रियाज करतो. ब्लूटूथ स्पीकर घेतलाय, पण मोबाईलवर तालाची मात्रा दिसते एकदा आणि ऐकू येते नंतर. सर म्हणतात तू मागे पडतोस.

सोल्डरगन
मुलगा मागे पडत नाहीये, स्पीकर पडतोय :) ब्लूटूथमध्ये आवाज बांधून पाठवून पलीकडे सोडवतात, त्यात सेकंदाचा दहावा ते पाव भाग जातो. नुसतं ऐकायला काही फरक नाही. पडद्याकडे बघून वाजवायचं किंवा स्वतः वाजवलेला कीबोर्ड त्यातून ऐकायचा तर वायरच लावा. सरांना हे नक्की दाखवा, पोराला उगाच ओरडा बसत असेल.

झिलई
अगं बाई. आजच वायर आणते. बिचारा रडवेला होतो रोज.

लॅमिंग्टनकर
स्पीकर आणले की निम्मं काम होतं, उरलेलं ठेवण्यात आहे, तेही लिहून टाकतो. दोन स्पीकर आणि बाबांचं डोकं असा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर नुसते ठेवले तर ट्वीटर छातीकडे बघतो, आणि टेबलाच्या फळीवरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून आलाप घोगरा करतो. भारी स्टँड नको. जुनी रबरी स्लिपर घ्या, सुरीनं चार तुकडे कापा, पुढच्या कडेखाली दोन थर आणि मागे एक. स्पीकर वर बघायला लागतो आणि त्याची थरथर टेबलात उतरत नाही. भिंतीपासून जेवढं जमेल तेवढं पुढे, वीतभर तरी. भिंतीला चिकटला की बास फुगतो, कोपऱ्यात गेला की आणखी. आर१२८०टीचं पोर्ट पुढच्या बाजूला आहे म्हणून मी भिंतीजवळच्या टेबलाला तो सुचवतो.

आणि लोखंडी कपाट! ते गाणार तुमच्याबरोबर, लिहून ठेवा.

उंबरठा
रात्री हळू आवाजात ऐकताना सगळं पातळ का वाटतं ह्याचं कुणी उत्तर द्या ना. शेजारी दहानंतर तक्रार करतात, त्यांचंही बरोबर आहे, नियमानं निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. पण मग डग्गाच नाहीसा होतो.

सोल्डरगन
स्पीकरचा दोष नाही, कानाचा गुण आहे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सननी १९३३ मध्ये मोजून दाखवलं, आवाज जसा खाली येतो तसा कान खालच्या पट्टीला जास्त बहिरा होतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर लाउडनेस म्हणून बटण असायचं ते ह्यासाठीच. रात्री बास दोन घरं वाढवा, सकाळी परत आणा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रात्रीची वेगळी सेटिंग साठवता येते. फक्त काही वाढवलं की प्रीॲम्प (त्यातलीच एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल.
पण विंडोजमधलं लाउडनेस इक्वलायझेशन मात्र ख्यालाला बंद ठेवा. नाव सारखं, काम वेगळं. ते हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली दाबतं. बातम्यांना ठीक, पण विलंबितातला हळुवार सूर आणि द्रुतातली तान एकाच उंचीची होते, मग गवयानं काय केलं ते कळणार कुठून?

मिरजेचा_तंबोरा
आणि जुन्या ७८च्या तबकड्यांवरनं उतरवलेलं ऐकताना ट्रेबल कमी करा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांचं जे आपल्याकडे आहे ते तीन-साडेतीन मिनिटांचं आणि एकाच चॅनलचं. वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा सुईची खरखर जास्त. चकचकीत ट्वीटरवर ती खरखरच आधी दिसते. महाग स्पीकरनं ते ध्वनिमुद्रण सुधारत नाही, पण सरळ, मऊ स्पीकरवर गळा मात्र पुढे येतो.

रानजाई
पाच दिवसांनी येतेय, बातम्या आहेत.

शनिवारी साताऱ्याला गेले. पिन काढून बघितली, हूं गेली. म्हणजे सेट निर्दोष! इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला तर हिरवी वायर होती, पण स्क्रूतून निसटून मागे लोंबत होती. त्यानं कातडं सोलून नीट कसली, टेस्टरनं पत्र्याचा डबा तपासला. मी अनवाणी हात लावला, काहीही नाही. हूं पंचाण्णव टक्के गेली. दहा मिनिटांचं काम. बाबा ते डब्यातलं गप्प झालेलं यंत्र बघत राहिले, म्हणाले, "मला वाटायचं माझ्या कानातच आहे ते."

मग प्रश्न आला की आता नवे घ्यायचे का. बाबा म्हणाले नकोत, हेच बरे झाले. मी म्हटलं दुकानात जाऊन नुसते ऐकून तर येऊ. पुण्यात आणलं त्यांना. पेनड्राइव्हवर नुसता तंबोरा, एक मैफल आणि एक जुनी तबकडी. बाबांनी दुकानदाराला आधी पंखा बंद करायला लावला आणि शेजारचा टीव्ही. तीन जोड्या ऐकल्या. पहिल्या जोडीला नाही म्हणाले, "गंधार बाहेरून चिकटवलाय." सर्वांत महाग होती तिला म्हणाले, "चांगली आहे, पण डोक्यात जाते." आर१२८०टीवर तंबोरा लागला आणि काही बोललेच नाहीत, मैफल लावायलाही सांगितलं नाही, चार-पाच मिनिटं नुसता तंबोराच चालू. दुकानदारही गप्प उभा. मग म्हणाले, "घे."

उरलेल्या पैशातून ऑडिओमेट्री केली. वरच्या पट्टीत उतार आहे, दोन्हीकडे सारखा. ट्रेबलचं बटण थोडं उजवीकडे ठेवलंय, आणि बास शून्याच्या किंचित खाली.

कर्णोपकर्णी
फार छान केलंत. आलेख जपून ठेवा, वर्षानं पुन्हा करा म्हणजे तुलना होते.

पावशेर
अभिनंदन! जुन्या डब्याचं काय केलंत? फेकू नका.

रानजाई
छे, फेकते कशी, निर्दोष सुटलाय तो. स्वयंपाकघरात रेडिओला जोडलाय. आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं तेवढंच.

सोल्डरगन
बटणाच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. सेट बंद करून.

लॅमिंग्टनकर
आणि कपाट? गायलं का?

रानजाई
गायलं! मंद्र पंचम लागला की कुलुपातली किल्ली झणझण वाजायची. किल्ली काढून खुंटीला अडकवली. आता बाबांनी फोन करून सांगितलंय की त्याच पंचमाला टेबलावरचं रिकामं फुलपात्रही वाजतं, अर्धं पाणी असेल तर वाजत नाही. म्हणून रोज गाणं लावायच्या आधी ते फुलपात्र भरून ठेवतात.